रक्तदाबाची वही

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वेगळे काही असावे. टिनाच्या छपराखालचे पहिले वर्ग, वसतिगृहातील पहिली तुकडी, विहिरीवरून पाणी आणण्याचे दिवस, असे काहीतरी. इतिहासाचा शिक्षक म्हटला की त्याने आठवणी लिहाव्यात, अशी लोकांची समजूत असते. त्या आठवणी माझे सहकारी माझ्याहून चांगल्या लिहितील. मी मात्र माझ्या टेबलाच्या खणात असलेल्या एका दोनशे पानी वहीविषयी लिहिणार आहे. तिच्यात उभे सहा रकाने आखलेले आहेत : तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि शेरा.

हा विषय सुचला तो मागील माजी विद्यार्थी मेळाव्यात. पहिल्या तुकड्यांची मुले आली होती. मुले म्हणतो ती सवयीने. त्यांच्यापैकी अनेकांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत. दुपारी पंगत बसली आणि माझ्या समोरच्या रांगेतील तिघांनी खिशातून गोळ्यांची पाकिटे काढली. एकाने हसत विचारले, “सर, तुमची कोणती?” मी नाव सांगितले. त्याच्या शेजारचा म्हणाला, “माझीपण हीच आहे सर, पण मी रोज नाही घेत. डोकं जड वाटलं की घेतो.” हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले आहे. ते ज्याच्या तोंडून ऐकले तो आज हयात नाही.

तो माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणत असू. वडील लवकर गेले, त्यामुळे दादाने शिक्षण सोडून कारखान्यात काम धरले आणि माझे एम.ए. त्याच्या पगारावर झाले. हे ऋण फेडता येण्यासारखे नव्हते आणि त्यानेही त्याचा कधी उच्चार केला नाही. त्याच्या ५४ व्या वर्षी कामाच्या ठिकाणी आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. त्यात रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. दोन महिने त्याने ती घेतली. मग बरे वाटते म्हणून थांबवली. मी सुटीत घरी गेलो असता विचारले, तर म्हणाला, “मले काही होऊनच नाही रायलं, मंग गोळी कायले खाऊ? डोकं जड वाटलं की घेतो ना एखादी.” मी गप्प बसलो. मी पदव्युत्तर शिकलेला माणूस, पण त्या विषयात माझे ज्ञान त्याच्याइतकेच होते. शिवाय थोरल्या भावाशी वाद घालण्याची आमच्या घरात रीत नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात एका पहाटे तो न्हाणीघरात कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर तो चार वर्षे जगला. हळूहळू तीन-चार शब्द परत आले, पण माझे नाव त्याला पुन्हा नीट घेता आले नाही.

रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे. दात दुखतो म्हणून माणूस दवाखान्यात जातो. ताप अंगाला जाणवतो. वाढलेला रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या नाजूक रक्तवाहिन्यांवर आपले काम करीत राहतो आणि बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोके जड होणे ही त्याची भरवशाची खूण नव्हे. ज्याला हे कळायचे आहे त्याने तो मोजलाच पाहिजे.

मी पन्नाशी ओलांडली त्या वर्षी आमच्याच विद्यालयात शिक्षकांची तपासणी झाली. माझा आकडा आला १६४ आणि ९८. मी लगेच वकिली सुरू केली : दोन जिने चढून आलो आहे, नुकताच चहा घेतला आहे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ताण आहे. डॉक्टर शांतपणे ऐकून घेत म्हणाले, “सर, तुम्ही म्हणता ते सगळं खरं असू शकतं. चहानं आकडा वाढतो, जिन्यानंही वाढतो. आमच्यासमोर बसल्यावर काही जणांचा उगाच वाढतो आणि काहींचा इथं चांगला येऊन घरी वाढलेला असतो. म्हणून भांडू नका. घरी आठ दिवस मोजा आणि कागद घेऊन या.”

त्या सायंकाळी मी तालुक्याच्या बाजारपेठेत यंत्र घ्यायला गेलो, आणि इथपासून माझ्या चुका सुरू होतात.

दुकानदाराने मनगटावर बांधायचे यंत्र पुढे केले. लहानसे, देखणे, शर्टाची बाही वर करण्याचीही गरज नाही. मी ते घेतले. रात्री दहा मिनिटांत तीनदा मोजले : १५१, १३३, ११८. यांपैकी ११८ मी आनंदाने कागदावर लिहून घेतला आणि उरलेले दोन विसरून गेलो. वर्गात मी मुलांना सांगत आलो आहे की, आपल्याला आवडणारा पुरावा हाच खरा पुरावा नसतो. बखर वाचताना ती कोणी, कुणासाठी लिहिली हे आधी विचारा. आणि स्वतःच्या देहाची बखर लिहायची वेळ आली तेव्हा मी दरबारी बखरकार झालो!

मनगटाचे यंत्र अगदीच टाकाऊ असते असे नाही. पण मनगट हृदयाच्या पातळीपासून सहज खालीवर होते, आणि पातळी दहा सेंटिमीटर खाली गेली तर आकडा सात-आठ अंकांनी वाढतो. वर गेली तर तितकाच घटतो. म्हणून घरच्या वापरासाठी दंडावर बांधायचे यंत्रच घ्यावे, असे या विषयातील जाणकार सांगतात. ज्यांचा दंड इतका स्थूल आहे की कोणताच पट्टा बसत नाही, त्यांच्यापुरती मनगटाची सोय राखून ठेवावी. बोटावर घालायची, घड्याळात बसवलेली किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणारी साधने सध्या बाजारात पुष्कळ आहेत. त्यांच्या भरवशावर गोळी सुरू करू नये आणि बंद तर मुळीच करू नये.

दुसऱ्यांदा मी दंडाचे यंत्र घेतले, पण घेण्यापूर्वी डॉक्टरांच्या कंपाउंडरने शिंप्याची फीत काढून माझा दंड मोजला. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर घेर भरला ३५ सेंटिमीटर. यंत्राच्या खोक्यात सहसा जो पट्टा येतो तो २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो. माझ्या दंडाला तो अपुरा. अपुरा पट्टा दंड नीट दाबू शकत नाही, त्याला जास्त हवा लागते आणि आकडा प्रत्यक्षाहून मोठा दिसतो. म्हणून मला ३२ ते ४२ चा मोठा पट्टा असलेले यंत्र घ्यावे लागले. उलट, बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर आकडा प्रत्यक्षाहून लहान येतो. हे उलटे वाक्य मी त्या दिवशी ऐकले, मान हलवली आणि विसरलो. त्याची किंमत पुढे दुसऱ्याच व्यक्तीला मोजावी लागली. ते सांगणारच आहे.

पट्ट्याच्या या गोष्टीला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि इतिहासाच्या शिक्षकाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. रक्ताला दाब असतो हे मोजून दाखविणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता, तर इंग्लंडमधील स्टीफन हेल्स नावाचा धर्मोपदेशक होता. त्याने घोडीच्या धमनीत नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढले. हा वृत्तान्त त्याने १७३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. माणसावर असा प्रयोग करणे अर्थातच शक्य नव्हते. १८९६ मध्ये इटलीतील तुरीन येथे रिव्हा-रोच्ची या डॉक्टरने दंडाभोवती रबरी पट्टा गुंडाळून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजण्याची युक्ती काढली. त्या पहिल्या यंत्रात सायकलच्या ट्यूबचे रबर आणि शाईची दौत वापरली होती, असे सांगतात. पण त्याचा पट्टा फार अरुंद होता, त्यामुळे आकडे फुगून येत. १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन संशोधकाने ही चूक दाखवून रुंद पट्टा सुचविला. म्हणजे माझ्या दंडाचे भांडण १९०१ सालीच मिटलेले होते. तालुक्याच्या बाजारात ते पोहोचायचे राहिले होते, इतकेच. पुढे १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून रक्ताच्या ठोक्यांचा आवाज ऐकला. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, आवाज थांबतो तो खालचा. हा शोध त्याने पानभरही न भरणाऱ्या टिपणात मांडला आणि शतकभर जगातील सारे डॉक्टर त्याच रीतीने रक्तदाब मोजत राहिले.

घरचे यंत्र मात्र आवाज ऐकत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पट्ट्यातील हवा उतरत असताना धमनीच्या ठोक्यांमुळे त्या हवेत बारीक थरथर उमटते. यंत्र ती टिपते. थरथर सर्वांत मोठी असते तो सरासरी दाब. त्यावरून वरचा आणि खालचा आकडा यंत्र गणिताने काढते, आणि ते गणित प्रत्येक कंपनीचे स्वतःचे, गुपित असते. म्हणजे पडद्यावर दिसतो तो एक अनुमानाचा निष्कर्ष होय. अनुमान बरोबर की चूक हे तपासायला कसोटी हवी. म्हणून यंत्राच्या प्रत्येक मॉडेलची निदान ८५ माणसांवर, स्वतंत्रपणे कान लावून मोजणाऱ्या दोन प्रशिक्षित निरीक्षकांच्या आकड्यांशी ताडून परीक्षा घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. या परीक्षेत उतरलेल्या मॉडेलांच्या याद्या ‘स्ट्राइड बीपी’ ही संस्था आणि ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटी प्रसिद्ध करतात. शहरात, परदेशात नोकरी करणारी आमची मुले आईवडिलांना यंत्र भेट पाठवितात, ही आनंदाची बाब आहे. त्यांनी पाठविण्यापूर्वी खोक्यावरचा मॉडेल क्रमांक त्या यादीत आहे का ते पाहावे आणि आईच्या दंडाचा घेर फोनवर विचारून घ्यावा. दीड-दोन हजारांत चांगले यंत्र मिळते. रंगीत पडदा, बोलणारा आवाज, मोबाइलला जोडणी यांसाठी जादा पैसे देण्याचे कारण मला तरी दिसले नाही. आकडे मोठे आणि ठळक असले म्हणजे झाले. यंत्र आणल्यावर एकदा ते दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहावे, आणि पुढेही वर्षातून एकदा.

तर यंत्र आले, आणि मी वेडा झालो. सकाळी मोजायचो, शाळेतून आल्यावर मोजायचो, बातम्या ऐकून मोजायचो. एका रात्री दोन वाजता दचकून उठलो आणि अंधारात पट्टा चाचपू लागलो. आकडा १७२. पुन्हा लावला, १७८. मग सौभाग्यवती उठल्या, दिवा लावला आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही रक्तदाब मोजत नाही, वाढवता आहात. द्या ते इकडे.” यंत्र तीन दिवस त्यांच्या कपाटात कुलूपबंद होते. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले.

त्यांनी दिलेली पद्धत मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. सात दिवस, सकाळी दोनदा आणि सायंकाळी दोनदा. दोन मोजण्यांत एक मिनिटाचे अंतर. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी यांच्या आधी. सायंकाळी जेवणापूर्वी. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी, धावपळ नाही. पाठ टेकलेली, पावले जमिनीला, पायावर पाय नाही. दंड उघडा; बाही वर सरकवून तिची गुंडाळी दंडाला आवळत असेल तर सदराच काढावा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत. आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि मोजताना बोलू नये.

यातली पाच मिनिटे मला सर्वांत अवघड गेली. आपण म्हणतो, पाच मिनिटे काय, चुटकीसरशी जातात. काही न करता बसून पाहा. आमच्या विद्यालयात रोज वंदनेनंतर मुले थोडा वेळ शांत बसतात. तीस वर्षे मी त्या मुलांच्या रांगांवर नजर ठेवीत उभा राहिलो, कोण चुळबुळ करतो ते टिपत राहिलो. स्वतः कधी बसलो नव्हतो. यंत्राच्या निमित्ताने आता मीही शेवटच्या रांगेत बसू लागलो आहे. मुलांना प्रथम त्याचे फार हसू आले.

आठव्या दिवशी मी २८ नोंदींचा कागद घेऊन गेलो. डॉक्टरांनी पहिल्या दिवसाच्या चार नोंदी खोडल्या, कारण नव्या यंत्राची धास्ती पहिल्या दिवशी आकड्यात उतरते. उरलेल्या २४ ची सरासरी काढली : १४६ आणि ९१. दवाखान्यात १४० आणि ९० ही रेषा मानतात, पण घरच्या नोंदींसाठी ती १३५ आणि ८५ अशी खाली असते. दोहोंपैकी एक आकडा ओलांडला तरी तो वाढलेलाच समजायचा. माझे दोन्ही ओलांडलेले होते. वकिली संपली. गोळी सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. माझ्याच बरोबर कागद घेऊन गेलेल्या एका सहकाऱ्याचे उलट झाले. शिबिरात १५० च्या वर, घरी सरासरी १२४ आणि ७८. त्यांना गोळी दिली नाही, पण वर्षातून दोनदा असा आठवडा मोजत राहा, असे बजावले. एकाच सकाळी एकाच खोलीत मोजलेल्या आम्हा दोघांच्या वाटा सात दिवसांच्या वहीने वेगळ्या केल्या.

त्या सुमारास दहावीच्या वर्गात मी दुसरे महायुद्ध शिकवीत होतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे नाव आले आणि मी पुस्तक बाजूला ठेवले. मार्च १९४४ मध्ये एका तरुण हृदयतज्ज्ञाने, डॉ. ब्रून यांनी, त्यांना तपासले तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६ आणि १०८ होता आणि हृदय थकलेले होते. लोकांना मात्र अध्यक्षांची प्रकृती उत्तम असल्याचे सांगितले जात होते. त्याच वर्षी ते चौथ्यांदा निवडून आले, फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे चर्चिल आणि स्टालिन यांच्यासमोर बसले, आणि १२ एप्रिल रोजी डोके फार दुखते म्हणून जे कोसळले ते उठले नाहीत. त्या वेळी त्यांचा वरचा आकडा ३०० च्या पुढे होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाला तेव्हा मिठाचे पथ्य, विश्रांती आणि हृदयाला आधार देणारे एखादे औषध याहून फारसे काही मिळू शकत नव्हते. रोज घेता येतील अशा परिणामकारक गोळ्या १९५० चे दशक संपता संपता आल्या. एका मुलीने विचारले, “सर, मग आता त्या गोळ्या किती रुपयांना मिळतात?” मी सांगितले की, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या विनामूल्य मिळतात. वर्ग क्षणभर गप्प झाला. माझ्या मनात दादा होता.

आता ती गोष्ट. आमच्या भोजनालयात एक मावशी आहेत. वीस वर्षांहून अधिक काळ त्या इथल्या मुलांना भाकरी वाढत आहेत. हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांनी त्यांच्या हातचे खाल्ले आहे, म्हणून नाव लिहिण्याची गरज नाही. एके दुपारी मी शिक्षकखोलीत यंत्र घेऊन बसलो होतो. तोवर त्या यंत्राचा मला थोडा अभिमान झाला होता. सहकाऱ्यांचे रक्तदाब मोजून देण्यात मोठेपणा वाटे. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “सर, दोन दिवसांपासून माह्या डोक्यात घणघण करते. मले लावून पाहा ना तुमचं मशीन.” मी त्यांना बसवले आणि माझाच पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. तो सैल होता, दोनदा घसरला. मावशींचा हात काटकुळा. त्या चुलीजवळून उठून आल्या होत्या, आम्ही गप्पा मारत होतो, मी एकदाच मोजले. १२६ आणि ७८. मी म्हणालो, “मावशी, तुमचं तर माझ्यापेक्षा चांगलं आहे!” सगळे हसले, मावशीही हसल्या.

त्यांच्या वस्तीतील आशाताईंनी त्यांना त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात यायला सांगितले होते, हे मला ठाऊक नव्हते. मावशी गेल्या नाहीत. “सरांनी मोजलं, चांगलं आहे म्हणाले,” एवढे आशाताईंना सांगितले. चार महिन्यांनी आशाताईंनी त्यांना हाताला धरून नेले. परिचारिकेने मधल्या आकाराच्या पट्ट्याने मोजले : १५८ आणि ९६. बसवून पुन्हा मोजले, १५४ आणि ९४. पुढच्या आठवड्यातही तसेच.

हा सारा फरक पट्ट्यानेच पाडला, असे मी म्हणणार नाही. रक्तदाब दिवसभर हलता असतो आणि एका मोजणीवरून तो ओळखता येत नाही, हेही त्यात आले. पण मावशींच्या दंडाचा घेर २३ सेंटिमीटर आहे आणि माझा पट्टा ३२ च्या पुढचा होता; म्हणजे तो आकडा खाली ओढणार हे मला सांगितलेले होते. दादाला गोळी बंद करायला कोणी सांगितले नव्हते. तो त्याचा निर्णय होता. मावशींना मात्र दवाखान्यात न जाण्याचे कारण मी दिले होते, आणि ते शिक्षक म्हणून दिले होते. अशा वेळी आपल्या शब्दाला किती वजन असते, हे आपल्याला बऱ्याचदा उशिरा कळते. मी त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल केली. त्यांनी कणीक मळता मळता ऐकले आणि म्हणाल्या, “जाऊ द्या ना सर. तुम्ही तं चांगल्यासाठीच केलं होतं.” त्यांनी मला दोष दिला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. आमच्या यंत्राला जोडता येणारा, त्याच कंपनीचा मधल्या आकाराचा पट्टा मागवला (एका कंपनीचा पट्टा दुसरीच्या यंत्राला लावू नये, आकडा बिघडतो) आणि यंत्राच्या पिशवीत शिंप्याची फीत ठेवली. आधी फीत, मग पट्टा. प्रथमच मोजत असेल त्याचे दोन्ही दंड मोजतो. ज्या हाताचा आकडा जास्त येईल तोच हात पुढे कायम धरायचा, आणि दोहोंत दहा-पंधरा अंकांहून जास्त अंतर सातत्याने दिसले तर डॉक्टरांना सांगायचे. ज्यांची नाडी अनियमित चालते त्यांना, यंत्राचा आकडा एकट्याने मानू नका, असे सांगून दवाखान्यात पाठवतो. गर्भवती भगिनींचे मी मोजतच नाही, सरळ आरोग्य केंद्राकडे बोट दाखवतो. आणि ‘चांगले आहे’ हे शब्द मी आता उच्चारत नाही. आकडा कागदावर लिहून देतो आणि कागद डॉक्टरांना दाखवायला सांगतो.

आणखी एक सूचना वहीच्या मलपृष्ठावर लाल शाईने लिहिली आहे. आकडा १८० आणि १२० च्या पुढे गेला तर घाबरून लगेच दुसरी गोळी घेऊ नये. पाच मिनिटे बसून पुन्हा मोजावे आणि तरीही तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पण त्यासोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडे झाले असेल, हातापायातले बळ गेले असेल किंवा जीभ अडखळत असेल, तर पुन्हा मोजत बसू नये. तोंड, हात, जीभ यांच्या खुणा तर आकडा कितीही असला तरी तेवढ्याच गंभीर. सरळ १०८ ला फोन करावा. दादाच्या वेळी आम्ही दोन तास शेक देत आणि तळवे चोळत घालवले होते.

मावशींना लिहिता येत नाही. आता त्यांचीही एक वही आहे, शंभर पानी, आणि ती लिहिण्याचे काम आठवीतील एका मुलीने स्वतःहून घेतले आहे. महिन्यातून एक आठवडा, सकाळी स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि सायंकाळी. मावशींना पाच मिनिटे गप्प बसवणे, हे त्या मुलीच्या सांगण्यानुसार गणितापेक्षा अवघड आहे. भाजीतले मीठ आणि पंगतीतले लोणचे दोन्ही मावशींनी कमी केले आहे. मुलांची प्रथम तक्रार आली, आता येत नाही. गोळी रोज चालू आहे. मागच्या आठवड्याची सरासरी मुलीनेच काढली : १२८ आणि ८०. आरोग्य केंद्रात न्यायच्या आधी तिने ती वही मला तपासायला आणून दिली. बेरजा बरोबर होत्या. बुधवारच्या सायंकाळच्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिले होते : मावशी बोलत होत्या, म्हणून ही धरली नाही, पुन्हा मोजले.